तिसरी पट्टी

७ नोव्हेंबर, शुक्रवार
डोंबिवली एमआयडीसीत शुक्रवार म्हणजे दुरुस्तीसाठी वीज बंद. हे माहीत असून मी पट्टी तापायला ठेवली — माझीच चूक. प्लॅस्टिकवरचा प्रकाश देणारा थर, केसाहून कितीतरी पातळ, ११० अंशांवर होता. एरवी वेळ झाली की पट्टी उचलून थंड स्टीलवर टाकतो. आज वीज जाताच वाफा ओढणारा एक्झॉस्ट बंद, म्हणून सगळ्यांना लगेच लॅबबाहेर काढलं. पट्टी झाकणाखालीच राहिली.

रिक्षात लॅबमधला जोडीदार नायजेल म्हणाला, "मेली ती. महिनाअखेरपर्यंत वाकणारी पट्टी नाही झाली तर प्रभाकर सरांना प्रोजेक्ट बंद करावा लागणार. मला बंगलोरची ऑफर आहे. तुझं काय?"

"बघू," म्हटलं.

८, शनिवार
नायजेल सुट्टीवर. फेकण्याआधी कालच्या पट्टीवर मीच इलेक्ट्रोड चढवला. पेन्सिलीभोवती गुंडाळली. आतापर्यंत प्रत्येक पट्टीवर वाकवताच काळ्या रेघा यायच्या. हिच्यावर एकही नाही! मशीनवर हजार वेळा वाकवली. हिरवी, एकसारखी, पेटलेली.

जेवायची विसरले. आई फोनवर, "आवाज असा का गं? ताप आहे?"

१०, सोमवार
काल दिवसभर एकच विचार. गरम पट्टी एकदम थंड केली की थर आणि प्लॅस्टिक वेगवेगळे आकसतात. ताण आत राहतो, वाकवलं की तिथेच फाटतं. शुक्रवारी वीज नव्हती, म्हणून ती सावकाश निवली!

आज मुद्दाम तापवायची प्लेट बंद केली, झाकण तसंच ठेवलं. हात लावला नाही. दुसरी पट्टी. हजार वेळा. पेटलेली!!

नायजेल शेजारच्या खोलीत जुन्या पट्ट्या सील करत होता. बाहेर येऊन म्हणाला, "हसतेयस? तू? काय झालं, सांग ना."

"काही नाही."

दोनदा योगायोग होऊ शकतो. तीन झाल्याशिवाय बोलायचं नाही — माझा नियम. शिवाय सांगेन तेव्हा त्याचा चेहरा नीट बघायचाय.

११, मंगळवार
पंप बिघडला. काम ठप्प. नायजेल बराच वेळ सरांच्या केबिनमध्ये.

१२, बुधवार
तिसरीही! सरांनी मनगटाला गुंडाळली, काढेचनात. "आता हे बंद कोण करतो बघतो," म्हणाले. मग नायजेलने हातात घेतली. हिरवा उजेड त्याच्या हनुवटीवर. "मस्त," एवढंच म्हणाला. दमला असेल.

१३, गुरुवार
नायजेलने मंगळवारीच बंगलोरला हो कळवलंय. इथला राजीनामाही त्याच दिवशी. "काल तू इतकी खूश होतीस, सांगवलं नाही."

मग त्याने विचारलं, "पहिली कधी झाली?"

"शनिवारी."

टेबलावरच्या तिन्ही पट्ट्यांकडे तो बघत राहिला.

"मी सोमवारी विचारलेलं तुला," म्हणाला.