गाडीत फक्त जर्दाळू

१९ ऑगस्ट
आमचं अंगण, दुपार

आईंना झूराचा सलाम.

तुमचा गुडघा आता बरा असेल अशी आशा करते. तिकडे डोंगरात गवत कापून झालं का? इकडे सगळे ठीक आहेत. तुमचा तलाय कामावर, मुलं अंगणात आणि मी जर्दाळूंच्या मागे. यंदा फळ इतकं आलंय की छपरावर वाळवायला जागा उरली नाही. धाकटा एमिल रोज शिडीवरून वर जातो आणि वाळवण राखतोय म्हणून सांगतो. खरं तर बसून खातो.

तुमची चिठ्ठी मिळाली. "सापारची गाडी वीस तारखेला येईल, पोरीला तीत बसवून दे, शाळेची तयारी करायचीय," एवढंच लिहिलंय. त्यावर येतेच. आधी सुट्टी कशी गेली ते सांगते. तुम्ही विचारलं नाहीत, तरी तुम्हाला ते हवंच असणार.

पहिले पंधरा दिवस बेगिमाय पाहुणीसारखी राहिली. पहाटे उठून अंगण झाडायची, नानचा तुकडा तोडायच्या आधी माझ्याकडे बघायची. दहा वर्षांची पोर, पण किटली घेऊन दाराशी अशी बसायची की कोणाला वाटावं, घरात नवी सून आली आहे. मी म्हटलं, "अगं, सुट्टी आहे. लोळ की जरा!" तर म्हणते, "कुठे लोळू, झूरा?" मला आधी हसू आलं, मग रडू. तुम्ही तिला छान वळण लावलंत, हे कबूल करते. माझ्या दोन्ही पोरांना मिळून तेवढं नाही.

मग हळूहळू सैल झाली. या उन्हाळ्यात आम्ही काही म्हणजे काही केलं नाही, आई. कुठे गेलो नाही. दुपारी झाडाखाली सतरंजी टाकून पडायचं, कलिंगड कापायचं, पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसायचं. मोठ्या अदिलेतने तिला सायकल शिकवली, तिने त्याला लोकर कातायला. गोष्ट सांगताना ती हुबेहूब तुमच्यासारखी मध्येच थांबते आणि एमिलला विचारते, "मग काय झालं असेल, सांग बरं वेड्या?" एमिल दर वेळी म्हणतो, "लांडगा आला." गोष्ट कसलीही असो.

एकदा ती झाडावरून पडली. "आई!" म्हणून ओरडली. मी हातातलं टाकून धावले, तर ती माझ्या मागे बघत होती. तुम्हाला शोधत होती. गुडघा मी धुतला, पट्टी मी बांधली, पण हाक माझ्यासाठी नव्हती.

आणि मागच्या गुरुवारी बेगिमाय आणि एमिलचं सायकलवरून भांडण झालं. मी एमिलची बाजू घेतली, लहान म्हणून. संध्याकाळी चहाला बसलो. प्याला अर्धाच ओतायचा, म्हणजे माणूस पुन्हा मागतो, बसून राहतो, हे तुम्हीच बेगिमायला शिकवलंय. माझा प्याला तिने काठोकाठ भरला आणि माझ्यापुढे आदळला. नकोशा पाहुण्याला 'प्या आणि निघा' सांगतात, तसा. तलायचा घास हातातच राहिला.

"बेगिमाय!" तो ओरडला.

"हिला नेहमी हे दोघेच खरे वाटतात!" ती त्याला म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "मग मला कशाला बोलावलंस? आणि तेव्हा देऊन कशाला टाकलंस?"

दहा वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यावर रागावली. परक्या बाईवर कोणी असं रागावत नाही, आई. मला इतका आनंद झाला की काय सांगू. तो भरलेला प्याला मी जीभ भाजत संपवला आणि पुन्हा पुढे केला. "मी कुठे जात नाही. ओत," म्हटलं. तिने ओतला. अर्धा.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. पहिलं मूल आजी-आजोबांनी वाढवायचं, ही आपली रीत मला ठाऊक होती. चाळीस दिवसांची झाली तेव्हा मीच तिला तुमच्या हातात दिली, मान खाली घालून. तुम्ही ओढून नेली नाहीत. पण परतताना माझा झगा दुधाने भिजला होता, हे मी कोणाला सांगितलं नाही. तलायलाही नाही. नाही म्हणायचं होतं आणि तोंड उघडलं नाही. आज उघडते.

बेगिमाय गाडीत नाही. सापार दाराशी थांबला की तुम्ही आधी मागची सीट बघाल, म्हणून त्याला बजावलंय की उतरल्याबरोबर हे पत्र द्यायचं. मागे फक्त जर्दाळूंची पेटी आहे. तिचं नाव इथल्या शाळेत घातलंय. आधी तुम्हाला विचारावं असं तलायचं म्हणणं होतं. मीच नको म्हटलं. विचारलं असतं तर माझी मान पुन्हा खाली गेली असती. रागावायचं तर माझ्यावर रागवा.

तिलाही विचारलं. बराच वेळ पाटात पाय हलवत बसली. "राहीन," म्हणाली, "पण आईची चूल कोण पेटवणार?" मामंजी गेल्यापासून तुमच्या घरात बोलणारी तीच एक आहे, हे मी विसरलेली नाही.

म्हणून शनिवारी तलाय ट्रक घेऊन येतोय. गाय, शिलाई मशीन, मोठी किटली, सगळं घ्या. तुमच्या खोलीला मुलांनी चुना दिलाय, निम्मा भिंतीला आणि निम्मा स्वतःला. डोंगर सोडवत नसेल तर निदान हिवाळा इथे काढा. नाहीच आलात तर दर सुट्टीत मी स्वतः तिला तुमच्याकडे आणून सोडीन. पण शाळा आणि घर इथेच. यात मी मागे हटणार नाही.

ती तुम्हाला आई म्हणते, मला झूरा. म्हणू दे. ती हाक तुमचीच. मला पोर हवी आहे.

या तुम्ही. दारासमोरची मानाची जागा तुमचीच आहे. चहा बेगिमाय ओतेल आणि मी तिच्या हाताकडे बघत बसेन. तुमचा प्याला अर्ध्याच्या वर जाऊ देणार नाही.

तुमची सून
आणि बेगिमायची आई,
झूरा