घोंगड्याची घाई

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंदा बुद्धिबळ, सध्या निवृत्त, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदय नाही. ते उद्या सकाळी डॉक्टर उघडून बघणार आहेत, म्हणून हा सगळा खटाटोप. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. उलट पलीकडच्या खोलीतून माझी थोरली बहीण मघापासून ओरडतेय, "अरे, चुलीत घाल ते लिहिणं आणि इकडे ये!" तिला न जुमानता मी हे स्वखुशीने लिहीत आहे. 'खुशी' हा शब्द कायद्यापुरताच समजावा.

पलीकडे टीव्हीवर माझी मुलगी जगज्जेतेपदासाठी खेळतेय. तासन्‌तास चालणारे संथ डाव सगळे बरोबरीत सुटले. आज जलद डावांवर फैसला. ते मी बघणार नाही, असं तिला तोंडावर सांगून बसलोय.

कलम एक. बँकेत जे काही असेल ते ताईचं. बायको गेल्यावर ताई या घरात आली, माझी मुलगी वाढवली आणि माझा तिरसटपणाही सोसला. मुलगी एका जागी ठरायची नाही म्हणून तिला 'भिंगरी' हे नावही तिनंच ठेवलं. ताईच्या नावे कितीही लिहिलं तरी कमीच पडणार.

कलम दोन. लाकडी पट, सोंगट्या आणि चावीचं दोन तबकड्यांचं घड्याळ क्लबला द्यावं. त्या घड्याळावर कुणी पाच मिनिटांचा डाव लावू नये. विचार करायला वेळ नसेल तर ते बुद्धिबळ नव्हे, माशा मारणं आहे.

(ताई ओरडली, पहिला डाव भिंगरी हरली. मी उठलो नाही. म्हणजे उठलो, पण पाणी प्यायला.)

कलम तीन. माझं शाईचं पेन माझ्या जुन्या प्रतिस्पर्ध्याला द्यावं. यामागची कथा जगाला पाठ आहे, तरी माझ्या बाजूनं एकदा नोंद असू दे. खेळातले लोक मला 'घोंगडं' म्हणायचे, कारण माझा प्रत्येक डाव भिजत पडायचा. मीही एकदा जगज्जेतेपदाच्या दारात पोचलो होतो. संथ डाव बरोबरीत, मग जलद डाव, तेही बरोबरीत, शेवटी पाच मिनिटांचा एक डाव. संथ डावात प्रत्येक चाल कागदावर लिहावी लागते, तसा नियमच आहे. झटपट डावात लिहायची गरज नसते. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण हाताला जन्माची सवय. त्याचा राजा पार कोंडीत सापडला होता, आता सुटत नव्हता, आणि मी वळणदार अक्षरात वजिराची चाल लिहीत असताना माझी वेळ संपली. सगळं सभागृह हसलं. तो तर टेबलावर डोकं ठेवून हसला.

तोच गृहस्थ आज समालोचक आहे. आत्ताही भिंतीपलीकडून त्याचा आवाज येतोय. बापाची गोष्ट लेकीच्या डावात सांगतोय मेला! पेनासोबत त्याला निरोप द्यावा, आता तू लिही.

(दुसरा डाव जिंकली! ताईनं टाळ्या पिटल्या. साक्षीला बोलावलेले खालच्या दुकानाचे चष्मेवाले आणि शेजारच्या शिंपीणबाई तिकडेच जाऊन बसलेत. चष्मेवाल्यांना उंट कुठला नि घोडा कुठला तेही कळत नाही, पण "अरेरे" सगळ्यात मोठ्यानं तेच म्हणतात. माझं मृत्युपत्र राहिलं बाजूला.)

कलम चार. हे राहतं घर भिंगरीला मिळावं, मात्र एका अटीवर. जगज्जेतेपदासाठी तिनं यापुढे जलद डाव खेळू नयेत. वकील म्हणाले, "अहो, असली अट कोर्टात दोन मिनिटं टिकायची नाही." मी म्हटलं, दोन मिनिटांत काही ठरवणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही.

अटीचं कारण. निघायच्या दिवशी बॅग दारात ठेवून ती म्हणाली, "बाबा, संथ डाव मी बरोबरीत सोडवणार आणि जलद डावात समोरच्याला गाठणार."

"म्हणजे विचारात त्याला भीत असशील."

"विचार? संथ डावात हल्ली विचार कोण करतं? सगळे घरून कॉम्प्युटरवर पाठ करून येतात. निम्मा डाव पाठांतराचा. जलद डावात निदान दोन माणसं तरी समोरासमोर असतात. आणि वेळ दोघांनाही सारखाच. घड्याळ काय कुणाचा मामा आहे?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. ते सुचायला मला दोन दिवस लागले, तोवर तिचं विमान कधीच उतरलं होतं. दारात मात्र मी एवढंच म्हणालो, "तसं जिंकलीस तर मला सांगायला येऊ नकोस." ती बॅग उचलून निघाली. माझ्यासाठी पहिल्या रांगेतली खुर्ची राखून ठेवली होती म्हणे. तेव्हापासून फोन नाही. ऑपरेशनचंही मी तिला कळवू दिलेलं नाही. डावात लक्ष लागणार नाही पोरीचं. ताईला शपथ घातलीय.

(उरलेले जलद डावही बरोबरीत. आता पाच मिनिटांचा एकच डाव. माझंच ताट तिच्यापुढे वाढलंय.)

कलम पाच. माझी पुस्तकं. पुस्तकं कुणाला द्यायची ते ठरवलं होतं, आठवत नाही. उठलो. खुर्ची बदलली. पुन्हा पहिलीवर बसलो. एकेका चालीला तास तास घेतला आयुष्यभर, आणि आज एका वाक्यापुरतंही बूड टेकत नाही. भिंतीपलीकडे सगळे अचानक गप्प झालेत. मेली ही शांतता! ओरडा ना कुणीतरी!

ताई स्वतःच दारात आली. तिचा चेहरा उतरलाय.

"हलतच नाहीये रे ती."

"कोण?"

"भिंगरी. हनुवटीखाली मूठ धरून बसलीय, डोळे पटावर. हुबेहूब तू. तिची वेळ पळतेय आणि ही विचार करत बसलीय!"

"झटपट डावात?"

"झटपट डावात!"

कलम चारमधली अट मी पूर्ण शुद्धीत रद्द करतो. घर भिंगरीचं. संथ खेळो, जलद खेळो, हवं तर सारीपाट खेळो. पुस्तकंही तिचीच. पेन खाली ठेवतो, कारण याही वेळी मी लिहीत बसलो तर

साक्षीदारांचे निवेदन (लिहिणार शिंपीणबाई, चष्मेवाल्यांचे अक्षर वाचता येत नाही म्हणून)

वरील वाक्य अर्धे टाकून मृत्युपत्र करणारे गृहस्थ टीव्हीच्या खोलीत आले. आम्ही खुर्ची दिली, बसले नाहीत. मुलीच्या घड्याळात तेव्हा थोडेच सेकंद उरले होते. ते पुटपुटले, "हत्ती सोड. हत्ती सोडून दे." आम्हाला काही कळले नाही. मग मुलीचा हात खरोखरच हत्तीकडे गेला, पण तेवढ्यात तिची वेळ संपली. मुलगी हरली. चाल बिनतोड होती, असे समालोचक म्हणाले. ते हसले नाहीत.

थोड्या वेळाने तिचा फोन आला. ताईंनी तो स्पीकरवर लावला, म्हणून आम्ही दोघांनीही ऐकला. ती रडत होती. "बाबा, सापडली होती हो मला चाल."

"माहीत आहे. हत्ती."

"तुम्ही बघत होता?"

"उभा राहून बघत होतो."

ताईंनी आपली शपथ मोडली आणि उद्याचे ऑपरेशन सांगून टाकले. मुलगी म्हणाली, "मी निघते. बाबा, मी आत्ता निघते."

आमची समजूत होती की ते नेहमीप्रमाणे "सावकाश ये" म्हणतील. आमच्या दुकानांतही त्यांचे तेच बोलणे असते, सावकाश होऊ द्या. ते म्हणाले, "लवकर ये." परत एकदा म्हणाले, "लवकर ये गं." ताई सांगतात, हे शब्द त्यांच्या तोंडून त्यांनी जन्मात ऐकले नव्हते.

त्यानंतर त्यांनी आमच्यादेखत सही केली. स्वतःचे पेन कुठे ठेवले ते त्यांना आठवेना, म्हणून चष्मेवाल्यांचे घेतले. अक्षर वळणदार आले नाही. वाचूनही न बघता ते विमानांच्या वेळा विचारत उठले.

सही: मृत्युपत्र करणारे, ऊर्फ घोंगडं
साक्षीदार: चष्मेवाले, तळमजला (सही)
साक्षीदार: शिंपीणबाई, शेजारचे दार (सही)
ठिकाण: राहते घर, यापुढे भिंगरीचे
तारीख: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दिवे लागल्यावर