खळग्याच्या तोंडाशी

सोमवार, ६ ऑक्टोबर
आलो एकदाचा कोन्याला! बसमध्ये शेजारच्या म्हाताऱ्याने सूर्यफुलाच्या बियांची टरफलं अख्खा रस्ताभर माझ्या बुटांवर टाकली, तरी मन खूश आहे. कारखाना खुराड्याएवढा, पण धातू कोरायचं पाच अक्षांचं मशीन नवंकोरं. माकडाच्या हाती कोलीत! मालक नेजदेत आबींनी सामान टाकायच्या आधीच एत्लीएकमेक खायला नेलं. हातभर लांब रोटी, खिमा घातलेली, कडा अशा कुरकुरीत की... असो, मुद्दा राहिला. हेलिकॉप्टरच्या खुर्चीखाली बसणारा अॅल्युमिनियमचा एक भाग काढायचाय, पुष्कळ नग. तो वेळेत आणि बिनचूक निघाला तर माझी नोकरी कायम, वरची खोलीही माझी. नाहीतर आबी म्हणाले, बसस्टँड तू पाहिलाच आहेस. बुर्सा, इझमीर, मेर्सिन, अख्ख्या तुर्कस्तानात कुठेच टिकलो नाही. इथे टिकायचंय.

मशीनवर सेय्फी उस्ता असतो, इथला जुना मिस्त्री. मला ‘पोरा’ म्हणतो. मिशा तंबाखूने पिवळ्या, डोक्यात बहुतेक तोच धूर.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
आज प्रोग्राम लावला. या भागातला खळगा मडक्यासारखा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. सरळ टूल घातलं तर पोट कोरलंच जाणार नाही. म्हणून सॉफ्टवेअरला आधी तळ दाखवला, मग भिंती एकेक निवडल्या. गोल टोकाचं टूल घेतलं, ते किती झुकू शकेल याची हद्द घातली. टूल धरणारा होल्डर भिंतीला टेकायला आला की टूलने आपणहून अंग चोरावं, तेही सांगितलं. पडद्यावर टूलच्या वाटांची हिरवी जाळी उमटली, थेट शेवयांसारखी. हे असलं काम मी व्हिडिओ बघून शिकलो. उस्ताला दोन जन्म लागतील.

गंमत पुढेच आहे. जुन्या सगळ्या प्रोग्रामांत टूल खळग्याच्या तोंडाशी येऊन उगाच थांबतं. विचारलं तर उस्ता म्हणाला, ती जागा ‘देस्तूर’ म्हणायला. माझी आजी मोरीत कढत पाणी ओतताना म्हणायची तसं. म्हणजे ‘येऊ का?’ असं विचारायचं, की ते बाजूला होतात. ते म्हणजे ‘तीन अक्षरांचे’, सरळ सांगायचं तर जिन. त्यांचं नाव घ्यायलाही हा बाबा भितो. कुठलाही खळगा दिसला की ते आत जाऊन बसतात म्हणे. मी विचारलं, भाडं कोण वसूल करतं? तर म्हणे, हस बाबा, पण थांबा काढू नकोस, आईला लेकरू उचलायला वेळ लागतो.

थांबा काढला. वेळ वाचला. आबी खूश.

बुधवार, ८ ऑक्टोबर
उस्ताने बटणाला हात लावला नाही. कमरेत लचक भरली म्हणे. ढोंगी! मीच सुरू केलं. खळग्याच्या पोटात एका जागी आवाज बदलला, ओलं लाकूड कापल्यासारखा झाला. पण पहिला भाग निघाला आरशासारखा. आबींनी पाठ थोपटली, मिठाई म्हणून बाकलावा मागवला. उस्ताने खळग्यात वाकून पाहिलं आणि हळूच माफी मागितली. माझी नव्हे. बाकलाव्याचे मात्र दोन तुकडे हाणले.

शनिवार, ११ ऑक्टोबर
आजचे सगळे भाग बाद. तळाशी एक उंचवटा राहतोय, बोराएवढा. प्रोग्राम पुन्हा पुन्हा तपासला, त्यात काही नाही. सिम्युलेशनमध्ये तळ सपाट. टूलसुद्धा नवं लावलं. मशीनवर मात्र टूल त्या जागेपाशी येतं आणि वळसा घालून जातं. हे मी सांगितलेलं नाही.

उस्ता म्हणाला, थांबा परत घाल, दोन गोड शब्द बोल, तुझं काय जातं? म्हटलं, उस्ता, तुम्ही तुमच्या त्या लेकराचं जावळ काढायला न्हावी बोलवा, मी इथे धातू कापतो. तो हसला नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर
उंचवटा वाढलाय. मुठीएवढा. त्यावर बारीक खाचा आहेत. बोटांमध्ये असतात तशा. टूलचे ओरखडे असणार, दुसरं काय?

आबी सगळ्यांदेखत म्हणाले, बुर्साहून कारागीर मागवला होता, आला विदूषक. शुक्रवारपर्यंत चांगला भाग दे, नाहीतर पिशवी उचल. उस्ता मान खाली घालून चहा ढवळत राहिला. त्याची कीव मला नको.

गुरुवार, १६ ऑक्टोबर
थांबा परत घातला. कुणाला सांगितलं नाही. मशीन थांबलंच नाही.

घातलेल्या हद्दीपलीकडे मशीनचं डोकं झुकतं. पाळण्यावर बाई वाकते ना, तसं. मग हळूच मागे. बाद भाग मी हातात धरला, थंड होऊन बराच वेळ झालेला, आणि तो उंचवटा तेवढा कोमट—

उस्ताला विचारलं, आता काय करू? म्हणाला, विचारायची वेळ बुधवारी होती, पोरा. आता तिला वाटेल ते.

तिला?

शुक्रवार, १७ ऑक्टोबर
भर दुपार. सगळी वसाहत जुम्म्याच्या नमाजाला गेली. उस्ता दारातून म्हणाला, चल, एकटा बसू नकोस. मी म्हटलं, तुम्हीच करा माझ्या वाटची. आज भाग द्यायचाच आहे.

मशीन बंद केलं. मुख्य स्विचसुद्धा. उंचवटा बोटाने चाचपून बघावा म्हणून मी हात खळग्यात—

डाव्या हाताने लिहितोय. वही खिशात होती, फोन टेबलावर राहिला. हाका मारल्या. रस्त्यावर कुत्रंही नाही. कुणी आलं तर आधी हे वाचा, उजवा हात—

बोट धरलंय. इवलीशी मूठ आहे. ऊब आहे. लहान बाळ धरतं तसंच, जोर काहीच नाही, तरी सुटत नाही. ओढलं की आतून हुंदका येतो. तोच आवाज, ओल्या लाकडाचा—

म्हणालो. देस्तूर. माफ कर. कितीदा तरी म्हणालो—

वर काहीतरी हललं. वीज बंद आहे. मी स्वतः बंद केलीय. डोकं खाली येतंय. हळू. झुकतंय. टूल फिरतंय, आवाजच नाही—

किती जपून येतंय. भिंतीला न लागता. त्या मुठीला चुकवून, अंग चोरून, नेमकं माझ्या मनग