आठव्या दिवसाचं सांगणं

मार्गशीर्ष वद्य ३, शनिवार

पोरं घरोघर पोचवली. नौपाड्यातली आधी, मग चेंदणीची. दारात उभं राहून रोजच्यासारखं सांगितलं, कोण रडलं, कुणी पाटीवर ग काढला, कुणी परकर ओला केला. एवढंच माझं काम. सकाळी आणायची, दुपारी पोचवायची, आणि आयांना सांगायचं.

मग मास्तरांनी परत बोलावलं. म्हणाले, "येत्या गुरुवारी देवी काढणारा येतोय शाळेत. लहान वर्गातल्या सगळ्या पोरांना टोचणार. घरी बोलू नकोस."
म्हटलं, का?
"तू सांगितलंस की वर्ग ओस पडेल. ओस पडला की वरचे लोक म्हणतील, लहान पोरांचा वर्ग हवाच कशाला. मग तूही घरी बस नि मीही."

दसऱ्याला हीच पोरं घेताना प्रत्येक उंबऱ्यावर शब्द दिलाय मी. शाळेत पोराला काही करायचं झालं तर आधी तुम्हाला कळेल. नाहीतर कोण देतंय तीन-चार वर्षांचं पोर परक्याच्या हातात?

वद्य ४, रविवार

तळ्यावर धुणं घेऊन गेले. तिथे राधावहिनी, गोदीची आई. "काय मावशी, आज तोंडात मूग?"
म्हटलं, दाढ दुखते.
खोटं. राधावहिनी सासूला विचारल्याशिवाय पाणी पीत नाही, तिचं एक वेळ राहू दे. पण चेंदणीची हिरा. तिचा थोरला मुलगा देवीनं गेला. तिच्या चिमीला न सांगता टोचलं तर...

मास्तरांचं म्हणणंही खोटं नाही. दोन्हीकडून सापडले मीच.

वद्य ६, मंगळवार

सांगितलं. फुटलंच तोंड.

आधी हिराला. ती मासळी निवडत होती, हात थांबले. "मरायची नाय ना गो माजी पोर?" म्हटलं, टोचलेली पोरं मरत नाहीत, न टोचलेली मरतात. बोलून बसले आणि तिच्या थोरल्याची आठवण झाली. जीभ कापून टाकावी वाटली. तिनं मासळीची पाटी परत पुढे ओढली.

मग बाकीच्या घरी. राधावहिनीची सासू म्हणे, "देवी आपल्या मनानं येते. तिला सुईनं ओढून आणणारा हा कोण?" मी म्हटलं, तुम्हीच या ना बघायला. नात मांडीवर घ्या. नाही पटलं तर हात नका देऊ. एकदाच टोचतात, की झालं.

सगळीकडे हेच बोलले. एकदाच, की झालं.

मास्तरांना संध्याकाळी कळलं. "तुझ्यापेक्षा दवंडी बरी," म्हणाले. दवंडीवाल्याला निदान ऐकून घ्यावं लागत नाही, सांगून पुढे जातो. मला शिव्या ऐकून घ्याव्या लागल्या, ते कुठे दिसतं त्यांना.

वद्य ८, गुरुवार

सकाळी ओटा रिकामा. मास्तर माझ्याकडे बघतायत, मी रस्त्याकडे.

आणि मग आल्या! एकेकटी नाही, घोळक्यानं. दहीभाताची गाठोडी, कडुनिंबाचे डहाळे, राधावहिनीच्या सासूच्या हातात नारळ. शाळेत एवढ्या बायका कधी शिरल्याच नव्हत्या. मास्तरांना खुर्ची सोडून मागच्या खोलीत जावं लागलं. सासूनं देवी काढणाऱ्याला आधी हातपाय धुवायला लावले. मग देवीला नमस्कार कर म्हणाली. त्यानं केला बिचाऱ्यानं. काय करतो?

हिरानं चिमीचा दंड स्वतः धरला. चिमीनं अशी किंकाळी फोडली की बाहेरचे बैल बिचकले. पण धरला तिनं, सोडला नाही.

मला वाटलं, जिंकले. बायका गेल्या. तो हत्यारं पुसत म्हणाला, "आठव्या दिवशी हीच पोरं आणा. फोड भरले की त्यातलं पाणी काढून कोपरीच्या पोरांना लावायचं."
म्हटलं, परत? ह्यांनाच?
"मग आज ह्यांना काय लावलं? कल्याणच्या एका पोरीच्या हातचंच की. ती किंचाळली ती कोळ्याची पोर चांगली धडधाकट आहे. तिचं उत्तम निघेल."
मास्तर म्हणाले, "ही तर नेहमीचीच रीत आहे. तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं. मी विचारलं नाही. विचारायच्या आधी सांगत सुटले.

वद्य ११, रविवार

पोरांचे दंड सुजलेत, ताप आहे. देवी काढणारा म्हणाला होता तसंच. पण घरोघर आता देवी आलेली. दारांवर कडुनिंब. फोडणी बंद, वेणीफणी बंद, बाहेरच्या माणसाचा पाय उंबऱ्याला लागायचा नाही. कोकीळ ओरडते तशी मी रस्त्यावरून ओरडते आहे, गोदीचा ताप उतरला का? आतून उत्तर, "आईच्या कृपेनं बरं आहे." त्यापुढे नाही.

आठव्या दिवसाचं काय रस्त्यावरून ओरडून सांगू? आणि खपल्या पडल्याशिवाय देवीची पाठवणी नाही. म्हणजे तो येईल तेव्हा देवी घरातच असणार. घरात बसलेल्या देवीचं पाणी काढून द्या, असं सांगायचंय मला. त्यात त्या दिवशी अमावस्या.

मास्तर म्हणतात, आता तूच निस्तर. वर्गात चटया तेवढ्या.

वद्य १३, मंगळवार

राधावहिनीच्या दाराशी गेले. सासू आतूनच बोलली. अर्धं ऐकलं नि म्हणाली, "आलेल्या देवीला लुटता? परत ह्या गल्लीत दिसू नकोस." राधावहिनी खिडकीत होती. तिनं मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

हिराकडे कुंपणाबाहेर उभी राहिले. चिमी अंगणात, दंडावर मोत्यासारखा फोड. हिरानं सगळं ऐकलं.
"तू एकदाच बोललीस."
हो, म्हटलं. मला ठाऊक नव्हतं. विचारलं नव्हतं मी.
तिनं चिमीला जवळ ओढलं. मग, "माज्या चिमीला लावलं ते कुनाच्या पोरीचं?"
कल्याणची कोणी. नाव नाही माहीत.
"तिच्या आयेला कुनी सांगलं व्हतं काय गो?"

कुंपणापासूनच परत फिरले.

वद्य १४, बुधवार

कोपरीला गेले, कुणी सांगितलेलं नसताना. तिथल्या आयांना सगळं सांगितलं. पोराच्या हातचं पोराला लावतात, ताप येतो, आठव्या दिवशी परत बोलावतात, तेव्हा तुमच्याही पोरांचं काढतील. आणि ज्यांचं काढायचं त्या आया येतीलच असं नाही, हेही. काहीच राखून ठेवलं नाही. एकीनं पोर उचललं नि आत गेली. बाकीच्या विचार करू म्हणाल्या.

अमावस्या, गुरुवार

शाळेच्या ओट्यावर बसून लिहिते आहे. हात रिकामे ठेववत नाहीत.

कोपरीच्या बायका आल्या आहेत. पोरं मांडीवर, भिंतीला टेकून. आमच्यातलं कुणी नाही. देवी काढणारा आत चहा पितोय. मास्तर दर घडीला बाहेर डोकावतात. मघाशी हळूच म्हणाले, "चेंदणीला परत जाऊन बघतेस का?" पहिल्यांदाच विचारलं त्यांनी, हुकूम नाही केला.

जाणार होते. तेवढ्यात वळणावर चिंचेखाली हिरा दिसली. लुगड्याच्या पदरात चिमी, हातात निंबाचा डहाळा. पुढे येत नाही. मागेही फिरत नाही. तिच्या मागे आणखी एक बाई, डोक्यावरून पदर ओढलेला, कडेवर पोर. राधावहिनी का? असेल तर सासूला सांगून आली का न सांगता? इथून कळत नाही.

हाक मारावी असं तोंडाशी आलंय. मारत नाही. आधी आत जाते. फोड फोडल्यावर दुखतं किती, काय बांधायचं, उरलेली खपली पडते का, चिमीच्या हातचं किती पोरांना लावणार, सगळं त्याच्याकडून वदवून घेते. चहा राहू दे त्याचा.

मग चिंचेपर्यंत जाते. त्या दोघी तोवर थांबल्या तर.