राणीच्या घोड्यामागे

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥
लोहा, ४ फेब्रुवारी २०२५

गं. भा. दीपालीस चांगुणाबाईचा आशीर्वाद, वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद काळा करते आहे. माझा अंगद गेला आणि महिन्याभरात तू रेणुकाला घेऊन पहाटेच्या एसटीने लातूरला निघून गेलीस. तेही गिळलं. मग तुझा भाऊ दयानंद आणि तुझे सासरे यांनी बसून ठरवलं की महिन्याच्या पहिल्या रविवारी नात मला भेटवायची. तुझ्या घरी नको, माझ्या घरी नको, लातूरच्या बागेत, झाशीच्या राणीच्या पुतळ्याखाली.

परवा दहा ते दोन बसले. जत्रेसारखी माणसं, सगळ्यांची नातवंडं, माझीच तेवढी नाही. डब्यातले धपाटे वाळून गेले. मी काही बाग धुंडाळली नाही. सून सासूकडे येते, सासू सुनेमागे फिरत नसते.

लेकराला पापा. तुझ्यासाठी शिल्लक काही नाही.

चांगुणाबाई

लातूर, ९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्याबाईंना सा. न. वि. वि.

नावाआधीचं ते गं. भा. वाचून पत्र तसंच बाजूला ठेवलं होतं. मी विधवा आहे हे मला डाळमिलच्या ऑफिसात रोज कळतं. तुम्ही ते पाकिटावरही लिहिलंत, आणि पोस्टमनने गल्लीत मोठ्याने वाचलं.

आणि खोटं तरी किती बोलावं? दहा ते दोन मी तिथे होते. रेणुकाने नवा फ्रॉक घातला होता. आजी कधी येणार असं तिने इतक्यांदा विचारलं की शेवटी मी तिच्यावर ओरडले. राणीच्या तलवारीखालून मीही हलले नाही. तुम्ही मला पांढऱ्या पायाची म्हणालात. त्याच पायांनी तुम्हाला शोधत फिरायचं का?

पुढच्या वेळी आला नाहीत तर विषय संपला. पोरीला पुन्हा असं तिष्ठत ठेवणार नाही.

लोभ कधी होता का, आठवत नाही. असेल तर तेवढाच असू द्या.

दीपाली

लोहा, ४ मार्च २०२५

गं. भा. दीपालीस,

आशीर्वाद द्यायला हात वर होत नाही.

दुसऱ्यांदा फसवलंस. ऑफिसात बसतेस, शिकलेली आहेस, आणि म्हातारीला खोटारडी म्हणतेस! परवा पुन्हा चार तास बसले. नात नाही तर नाही, राणीच्या पाठीशी बांधलेलं ते पितळी लेकरू बघत राहिले. त्याचं तोंड आपल्या रेणुकासारखंच गोल आहे. त्या बाईने लढाईतसुद्धा लेकरू सोडलं नाही. तू लेकराची आजी तोडलीस.

अंगदच्याच डब्यात धपाटे भरून आणले होते, तसेच परत नेले. एक फोटोवाला म्हणे, आजी, लई येळ झाला, कुणीच न्हाई का आलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

काल नांदेडला वकिलाकडे जाऊन आले. नोटीस तयार आहे. पंधरा दिवसांत तुझं उत्तर नाही आलं तर कोर्टात भेटू. तिथे तरी येशील.

चांगुणाबाई

लातूर, ९ मार्च २०२५

ती. आत्याबाईंना सा. न. वि. वि.

सोबत फोटो आहे. आधी तो बघा, मग नोटीस पाठवा.

त्या रविवारी बागेतल्या नजीर फोटोवाल्याने आमचा काढला. काल तुमचं पत्र फाडायला घेतलं, तेवढ्यात रेणुकाने फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाली, पप्पांचा डबा. चौथऱ्याच्या मागच्या कोपऱ्यावर तो डबा आहे, कडीला लाल दोरा बांधलेला, आणि शेजारी तुमच्या लुगड्याचा हिरवा काठ. तुम्ही मागे बसलात, कारण पाठीवरचं लेकरू तिकडूनच दिसतं. मी पुढे बसले, कारण सगळे फोटो पुढूनच काढतात. मधे घोडा.

दोन्ही रविवारी आपण तिथेच होतो, आत्याबाई. एकीनेही उठून पलीकडे बघितलं नाही. मला तुमचा राग आहे आणि राहील. पण रेणुका विचारते, आजी तिथंच होती तर आपण का न्हाई गेलो. तिला काय सांगायचं? तुम्हाला उत्तर सापडलं तर कळवा.

दीपाली

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥
लोहा, १५ मार्च २०२५

चि. दीपालीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोटो मी चष्मा लावून बघितला, मग तुझ्या सासऱ्यांनी बघितला. त्यांनी नोटिशीचा कागद उचलला आणि चुलीत घातला. मी अडवलं नाही.

रेणुकाला सांग, तुझ्या आजीला ताठा होता म्हणून. तुझं तू सांग. मी माफी मागते आहे असं समजू नकोस. तू न सांगता गेलीस ते अजून सलतं. पण ते पायाचं मी बोलायला नको होतं. माझा लेक गेला होता, कुणाला तरी बोल लावायचा होता, आणि तू समोर होतीस.

सहा एप्रिलला रामनवमी आहे, बागेत गर्दी असेल. तू तलवारीकडेच बस, जागची हलू नकोस. नाहीतर तू मागे यायचीस, मी पुढे, आणि पुन्हा घोडाच मधे. गुडघे दुखतात, पण मी फिरून येईन.

लेकराला पापा. तुलाही आशीर्वाद दिला आहे. नको असला तर परत पाठव.

चांगुणाबाई