बिनहाराचा फोटो

३ नोव्हेंबर, कुंभिवली

आले एकदाची! टेंपोत माझ्या सामानापेक्षा भंगारच जास्त होतं. गंजकी कुलुपं, फुटक्या पाट्या, बाहुल्यांचे हात आणि लोकांच्या घरातले जुने फोटो. हे विकायचंय की टाकायचंय, असं ड्रायव्हरने विचारलं. भिंतीवर लावायचंय म्हटल्यावर पनवेलपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही.

भाड्याचं घर म्हणजे मोतीबाईंचं जुनं कौलारू घर. त्यांच्या मुलाने पुढे स्लॅबचं बांधलंय, सगळे आता तिथेच राहतात. हायवेवरचे ट्रक ऐकू येतात, पण मागचं दार उघडलं की नुसती कापणी झालेली शेतं आणि ओढा. मार्चमध्ये प्रदर्शन आहे. त्यासाठी लाकडी पेट्या करायच्यात. आत सापडलेल्या वस्तू, मध्ये एक जुना फोटो, वर काच.

पण सगळ्यात आधी माझ्या लेकीचा, रियाचा फोटो लावला. सातव्या वाढदिवसाचा, माझा हात धरून उभी आहे. ती जाऊन दीड वर्ष झालं. मोबाईलमधले तिचे सगळे फोटो माझ्या नवऱ्याने, हेमंतने पुसून टाकले, मी जेवणखाण सोडून तेच बघत बसते म्हणून. उरला हा एकच. याला हार घालू या म्हणून तो मागे लागला होता. पण फोटोत मीही आहे, आणि जिवंत माणसाच्या फोटोला कुणी हार घालतं का? मग तिला कापून वेगळी काढ, म्हणाला. लोकांचे फोटो मी कचाकच कापते. हा नाही कापला. त्यावरूनच भांडण झालं, आणि तो डोंबिवलीत, मी इथे.

७ नोव्हेंबर

आज घबाड मिळालं. ओढ्याकाठी उंबर आहे. घरात नकोसे झालेले देवांचे फोटो लोक त्याच्या बुंध्याशी ठेवून जातात. त्या देवांच्या गर्दीत एक मुलगी! रियाएवढीच असेल. दोन वेण्या, कपाळाला आठी, फोटोग्राफरवर रागावल्यासारखी. काचेवर कुंकवाचा टिळा, वर चंदनाचा हार.

फोटो घरी आणला. हार काढला, टिळा ओल्या फडक्याने पुसला. एवढ्याशा पोरीला कसला हार? मला तर बघवेना. काच स्वच्छ झाली तशी पोर टवटवीत दिसायला लागली. पेटीत तिच्या पायाशी ओढ्यात सापडलेलं पैंजण चिकटवलं, शेजारी कंगवा आणि पाटीचा तुकडा. इतकं चांगलं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. हार दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवलाय.

९ नोव्हेंबर

दुपारी मागचं दार वाजलं. उघडलं तर कुणी नाही. पायरीवर लहान ओली पावलं, आत येणारी. परत जाणारी नाहीत. गावातली पोरं गंमत करत असतील, असं म्हणून पुसून टाकली.

पेटीतलं पैंजण गायब आहे. फेविकॉलने पक्कं बसवलं होतं.

११ नोव्हेंबर

कौतुक करतील म्हणून मोतीबाईंना पेटी दाखवली. त्यांनी काचेवर हात ठेवला. ती त्यांची लेक रूपाली. तापाने गेली, याच घरात, वीसेक वर्षांपूर्वी. नव्या घरात हा फिकटलेला फोटो नको, असं सून म्हणाली, म्हणून त्या स्वतःच उंबराखाली ठेवून आल्या होत्या.

हार कुठाय, त्यांनी विचारलं. मी खिळा दाखवला. म्हणाल्या, "हार काडलात, टिळा पुसलात, आता ती गेलीय ते तिला कळायचं कसं गं ताई? ती घराला येनार."

मला वाटलं, त्या लगेच हार घालतील. त्यांनी तो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि पुन्हा खिळ्यालाच लावला. एक दिस ऱ्हाऊ दे, म्हणाल्या.

१२ नोव्हेंबर

दुपारी मोतीबाई तांदळाची भाकरी आणि सुकट घेऊन आल्या. मागच्या दाराशी ताट मांडलं. आम्ही दोघी बसून राहिलो.

पैंजण वाजलं. दार आपोआप लोटलं गेलं. मी पाहिलं तिला. दोन वेण्या, कपाळाला तीच आठी, ओले पाय.

तिने मोतीबाईंना ओळखलंच नाही. पांढऱ्या केसांची ही म्हातारी तिची कोण? माजी आय कुटंय, असं तिने त्यांनाच विचारलं. मोतीबाईंनी ताट तिच्यापुढे सरकवलं. मग पोर घरभर शोधत फिरली, चुलीपाशी, माळ्याखाली, आये आये करून रडत. मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. रियाला नेलं त्या दिवशीसुद्धा मी सुन्न होते, हे त्याहून वाईट.

मोतीबाई उठल्या. काचेला कुंकू लावलं, हार घातला. रडणं थांबलं. ताटातली भाकरी तशीच होती.

जाताना माझ्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, "तुमची पन शोदत आसंल गं."

१३ नोव्हेंबर

हेमंतला फोन केला. मोतीबाईंचं बोलणं सांगितलं. तो म्हणाला, रोज संध्याकाळी दार वाजतं. ती गेली तेव्हापासून. मी घाबरेन म्हणून, शेजारची पोरं असतील असं मला सांगायचा. फोटो त्यासाठीच पुसले. हार घाल म्हणत होता तोही त्यासाठीच.

मी इकडे आल्यापासून ती मोठ्याने रडते, म्हणाला.

१४ नोव्हेंबर

हायवेवरच्या दुकानातून हार आणला. कात्री घेतली. कुठून कापू? तिचा हात माझ्या हातात आहे. आणि बोटं — कालपेक्षा घट्ट आहेत. नक्की घट्ट आहेत.

१५ नोव्हेंबर

कात्री चालत नाही.

हेमंतचा फोन. तिच्यासाठी दार उघडलं त्याने. त्याच्याकडे बघतही नाही. आई, आई, एवढंच —

संध्याकाळ

कापणार नाही. काचेवर टिळा लावला. तिला. मग मला.

हार मोठा आहे. दोघींना पुरला.

फोन वाजतोय. हेमंत असेल. तिकडे रडणं थांबलं असेल, तेच सांगायला —

दारात कुणीतरी. माझा हात धरलाय. गार असेल असं वाटलं होतं. गार नाही. तिचाच —

थांब गं राणी, आईला एवढं लिहू —