पानाखालचं नाव

ता. ३ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण तुमच्याकडे तो आधी आई उचलते आणि माझ्या नुसत्या आवाजावरून तिला सगळं कळतं. म्हणून पत्र. तिला फक्त मी मजेत आहे एवढंच सांग.

मजेत मुळीच नाही. दादा, मी फार घाबरले आहे.

आमच्या ऑफिसात वेबसाइट शून्यापासून कोणी बनवत नाही. कुणीतरी लिहून मोफत ठेवलेलं सॉफ्टवेअर घ्यायचं आणि त्यावर आपलं काम उभं करायचं. अट एकच, मूळ लेखकाची कॉपीराइटची ओळ नावासकट जागच्या जागी राहू द्यायची. मार्चमध्ये एका हॉस्पिटलची वेबसाइट केली. सगळं आमचंच आहे असं साहेबांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, तेव्हा पानाखाली परक्याचं नाव नको म्हणाले. मी एका फटक्यात सगळीकडे त्याच्या नावाजागी हॉस्पिटलचं नाव घातलं. अट मी वाचलेली होती. वाचून केलं.

आता त्या लेखकाचे तीन मेल आलेत. विषय एकच, 'तुमच्या हॉस्पिटलच्या पानावरची कॉपीराइटची ओळ'. साहेब म्हणतात, उघडू नकोस, उघडलंस तर कोर्टात 'आम्हाला माहीत नव्हतं' असं म्हणता येणार नाही. वर हसून म्हणाले, हात तर तुझाच होता. तेव्हापासून जिन्यावर पावलं वाजली तरी कोणी नोटीस घेऊन आलं असं वाटतं. नोकरी गेली तर मला दुसरीकडे कोण उभं करील?

लवकर लिही. तुझा लोभ आहेच, हे वाचूनही तो तसाच राहिला तर मला धीर येईल.

तुझी,
ठकी

ता. ७ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

आईला निरोप सांगितला. ती म्हणाली, मजेत असलेली माणसं पत्र लिहीत नाहीत. लहानपणी साय खाऊन मांजरावर आळ घ्यायचीस, पण ओठ पुसायला विसरायचीस. तशीच आहेस अजून.

आमच्या कचेरीत जुन्या नकाशावरून नवा उतरवला तरी कोपऱ्यात पहिल्या मोजणीदाराचं नाव राहतं. त्याचा मान म्हणून राहतं, आणि पुढे काही अडलं तर कुणाला विचारायचं ते कळावं म्हणूनही. साहेबांचं ऐकू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण ही मूठ त्यांची आहे आणि उघडली की बोटं तुझी सापडतील. आजच्या आज मेल वाच, ओळ परत घाल, माफी माग. कोर्टाला मीही भितो, खोटं कशाला सांगू? नोकरी गेलीच तर इथे तुझी खोली आहे.

तुझ्या पत्राच्या वाटेकडे आम्हा दोघांचे डोळे आहेत.

तुझा,
दादा

ता. १२ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. ऑफिसात गेले आणि उभ्याउभ्याच मेल उघडले. कोर्टाचं एक अक्षर नाही.

मी नाव बदललं, पण नावाखालचा त्याचा मेलचा पत्ता तसाच राहिला होता. वर हॉस्पिटलचं नाव, खाली त्याचा पत्ता. पेशंट त्यालाच हॉस्पिटल समजून लिहीत होते! तो कुठल्या कुठे, आपली भाषा येत नाही. कॉम्प्युटरकडून भाषांतर करून घेत वाचत होता आणि आम्हाला पाठवत होता. तिसऱ्या मेलमध्ये त्याने लिहिलं होतं, माझ्या नावाचं नंतर बघू, आधी या बाईंना कुणीतरी फोन करा.

बाईंनी २० मे रोजी लिहिलं होतं, हॉस्पिटलचा फोन लागत नाही, नव्या गोळीने यांना भोवळ येते, चालू ठेवू की बंद करू? मी तुला पहिलं पत्र लिहीत होते तेव्हा हे माझ्यासमोर न उघडलेलं पडलं होतं.

त्यांनी खाली दिलेल्या नंबरावर लगेच फोन लावला, तो त्यांनीच उचलला. यजमान परवा न्हाणीघरात पडले, आता पलंगावरच आहेत, धड बोलत नाहीत. गोळीचं विचारलं तर म्हणाल्या, तुमचं उत्तर आलं नाही, म्हणून रोज न चुकता देते आहे, आत्ताचीही हातातच आहे. मी ओरडलेच, देऊ नका म्हणून. मग धावत हॉस्पिटलात जाऊन डॉक्टरांना गाठलं.

दुपारी यजमानांना इथे आणलं. डॉक्टर म्हणतात, उद्यापर्यंत काही सांगता येत नाही. ओळ मी त्याच्या नावासकट परत घातली. साहेब पुष्कळ बोलले, त्यातला एक शब्द कानात शिरला नाही.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. बाई शेजारी आहेत. मघापासून माझा हात धरून सारखे आभार मानताहेत, तुम्ही फोन केलात म्हणून म्हणतात. त्यांचं पत्र का पोचलं नाही, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. हे पत्र बंद करते आणि सांगते. दादा, कोर्टाची भीती याच्यापुढे काहीच नव्हती.

आईला सगळं सांग. लोभ असू दे, आज त्याची फार गरज आहे.

तुझी,
ठकी